पुढचे चाक का उचलते?

मोटारसायकलचे पुढचे चाक उचलून मिरवणारी पोरे तुम्ही पाहिली असतील. २००१ साली युरोपात आलेली ‘यामाहा एफजेआर १३००’ ही लांब पल्ल्याची गाडी अडीचशे किलोंहून जड. पण तिचेही चाक उचलते. यात जादू नाही. मागच्या चाकाचा जोर लागतो जमिनीपाशी, गाडीचे वजन असते त्याच्या वर. एकदम रेस दिली की बैलगाडी उलार व्हावी तसे तोंड वर होते. मग हँडल आणि पुढचा ब्रेक दोन्ही निकामी! मागचा ब्रेक हळू दाबला तर चाक खाली येते; रेस एकदम सोडली तर दाणकन आपटते.

ट्रॅक्टरचेही असेच आहे बरे! रुतलेल्या ट्रॅक्टरचा क्लच झटकन सोडला, किंवा ओढायची साखळी मागच्या ॲक्सलच्या वर बांधली, तर तोंड उठून तो मागे उलटतो. ब्रेक दाबायलाही सवड मिळत नाही, चालक खाली सापडतो. म्हणून साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधा, क्लच सावकाश सोडा. मुलाच्या हाती चावी देण्याआधी एवढे जरूर शिकवा.