प्रथिन भुकटी : भेसळीची नोंद होते, बाधेची कोठे?

लखनौ : प्रथिन भुकटीच्या एखाद्या डब्याबद्दल संशय आला आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने नमुना घेतला, तर उत्तर प्रदेशात तो तपासणाऱ्या शासकीय प्रयोगशाळांपैकी एक लखनौच्या अलीगंज भागात आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार नमुन्याचे चार भाग होतात. त्यांतील एक अन्न विश्लेषकाकडे जातो आणि त्याने १४ दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. नमुना निकृष्ट आहे, त्यावरील लेबल खोटे आहे, की तो असुरक्षित आहे, हे त्यातून कळते. मात्र ती भुकटी घेणाऱ्या तरुणाचा घसा सुजला काय, त्याला रुग्णालयात न्यावे लागले काय, याला त्या अहवालात जागा नाही.

एप्रिल २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केरळमधील यकृततज्ज्ञ डॉ. सिरिअ‍ॅक ॲबी फिलिप्स व सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ उत्पादनांची तपासणी केली. सुमारे ७० टक्के उत्पादनांवरील प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. काहींत तर दाव्याच्या निम्मीच प्रथिने होती. सुमारे १४ टक्क्यांत बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिन, तर ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश आढळले.

ही फसवणूक शक्य होते ती मोजणीच्या पद्धतीमुळे. प्रथिने बहुधा थेट मोजली जात नाहीत. नायट्रोजन मोजून त्यावरून आकडा काढला जातो. त्यामुळे ग्लायसिन, टॉरिन यांसारखी स्वस्त अमिनो आम्ले मिसळली की कागदावर प्रथिने वाढतात. चीनमध्ये २००८ साली दुधाच्या भुकटीत मेलामाइन मिसळण्यात आले, तेही याच पळवाटेने. त्यात सहा अर्भके दगावली.

खिशाला बसणारा हा फटका एकवेळ सोसता येईल. ॲलर्जी असलेल्याच्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे. दूध नासल्यावर उरणाऱ्या निवळीपासून ‘व्हे’ बनते. दुग्धशर्करा न पचणाऱ्याला त्याने पोट फुगणे, जुलाब असा त्रास होतो आणि शुद्धीकृत ‘आयसोलेट’ घेतल्यास तो कमीही होतो. दुधातील प्रथिनांचीच ॲलर्जी असलेल्याला मात्र ‘आयसोलेट’ अधिक शुद्ध रूपात तेच प्रथिन देते. दुकानदार या दोन्हींना ‘दूध पचत नाही’ या एकाच सदरात घालतात, हे धोकादायक आहे. वनस्पतिजन्य म्हणून सुचवली जाणारी वाटाण्याची भुकटीही शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काहींना बाधू शकते, कारण दोन्ही शेंगवर्गीयच.

दूध, सोया, अंडी, शेंगदाणे हे घटक लेबलवर ॲलर्जीकारक म्हणून जाहीर करणे २०२०च्या लेबल नियमावलीनुसार बंधनकारक आहे. पण जेथे प्रथिनांचा आकडाच खोटा, तेथे व्ह्यात गुपचूप मिसळलेला सोया कोण जाहीर करणार?

आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठले’ म्हणून आमसुलाचे पाणी लावले जाते आणि विषय संपतो. सौम्य प्रकरणांत ते चालूनही जाते. गांधींबरोबर ओठ सुजणे, धाप लागणे किंवा भोवळ येणे सुरू झाले, तर मात्र ती तीव्र ॲलर्जी असते आणि ॲड्रेनलिनचे इंजेक्शन तातडीने लागते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये १७ आहार मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. शरीर कमावण्यासाठी प्रथिन पूरके टाळावीत, असे त्यात म्हटले आहे. मूत्रपिंडावरील ताण आणि हाडांतील खनिजांची झीज हे धोकेही नोंदवले आहेत. निरोगी मूत्रपिंडाला होणाऱ्या हानीबद्दल संशोधकांत एकमत नाही; आधीच विकार असलेल्यांबाबत सावधगिरी हवीच. प्रौढाची शिफारस केलेली रोजची गरज शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. वरण-भात, दही, उसळ आणि अंडी यांतून ती भागू शकते.

औषधाची बाधा झाल्यास २०१० पासून राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रमात नोंद करता येते. प्रथिन भुकटी कायद्याने अन्न असल्याने तिच्यासाठी तितकी रुळलेली वाट नाही. अमेरिकेत २००६च्या कायद्याने पूरकांच्या गंभीर दुष्परिणामांची माहिती कंपनीला कामकाजाच्या १५ दिवसांत अन्न व औषध प्रशासनाकडे द्यावी लागते. आपल्या कायद्याचे कलम ३५ डॉक्टरांना अन्नविषबाधेची माहिती देण्यास सांगू शकते, पण तेही त्या भागासाठी अधिसूचना निघाली तरच. कलम ४० नुसार ग्राहकालाही शुल्क भरून खरेदी केलेला पदार्थ विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. मात्र तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो.