घोंगडी टोचते म्हणणाऱ्यांना

घोंगडी टोचते, तिला रंग नाही, हल्ली ती वापरतं कोण? सोलापूर भागात घोंगडीचा विषय काढला की हे ऐकायला मिळतंच. त्यावरून लगेच निकालही दिला जातो, की माग काळाच्या ओघात बंद पडले, त्यात हळहळण्यासारखं काय आहे?

टोचण्याचं आधी पाहू. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते, हे खरं. पण कोकराच्या पहिल्या कातरणीचं जावळ मऊ निघतं, आणि त्याच्या घोंगडीला जाणते लोक जास्त मोल देतात. शिवाय नव्या घोंगडीच्या ताठपणात खळीचाही हात असतो. चिंचोके शिजवून केलेली ही खळ गल्लीत पसरलेल्या ताण्याला कुंच्याने चोपडतात, तेव्हा कुठे हातकताईचा धागा खड्डामागाचा ओढा सोसतो. वापरात खळ निघून जाते आणि घोंगडी अंगाला सरावते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा पिऊनही ओली लागत नाही. दक्षिण सोलापुरातल्या मंद्रूपपासून भीमाकाठापर्यंत शेतात मेंढरं बसवणारा धनगर भुरभुर पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेतो ती त्यामुळेच. प्लास्टिकचा कागद पाणी अडवतो, ऊब देत नाही.

रंग नाही, हे तर साफ चूक. काळा, करडा, तपकिरी, पांढरा असे सगळे रंग मेंढीच्या अंगावरच असतात. त्यांना ना भट्टी लागते ना रसायन, आणि ओढ्यात रंगीत पाणीही जात नाही. तिकडे ग्वाटेमालातल्या विणकर माया स्त्रिया मात्र अशा नैसर्गिक रंगांसाठी नीळ आणि निवडुंगावरच्या किड्यांचा लाल रंग कष्टाने पुन्हा वापरात आणत आहेत. त्यांच्या मागाचं एक टोक खांबाला किंवा झाडाला बांधलेलं असतं, दुसऱ्याचा पट्टा विणणारीच्या कमरेमागून जातो. तिथे ही विद्या टिकली, कारण त्या बायका स्वतः विणलेलं कापड रोज अंगावर घालतात. आपल्या नक्षींची नक्कल थांबावी म्हणून २०१६ मध्ये त्या थेट घटनात्मक न्यायालयात गेल्या. त्यांनी दया मागितली नाही, हक्क मागितला.

मग घोंगडीलाही भौगोलिक मानांकन मिळवू, असं सुचवणारे आहेत. मानांकन जरूर घ्यावं, पण सोलापुरी चादरीला ते मिळून सुमारे दोन दशकं झाली, तरी बाहेरच्या स्वस्त चादरी त्याच नावाने विकल्या जातात. नुसत्या शिक्क्याने माग चालत नाही.

खरं दुखणं मागाच्या अलीकडे, कातरणीत आहे. लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून ती कित्येकदा रानातच टाकून दिली जाते. मटणाला भाव असल्याने धनगर माडग्याळ मेंढीकडे वळतो. ती उंच आणि वजनदार, पण लोकर नावालाच. त्यात त्याची चूक नाही, त्यालाही घर चालवायचं आहे. पण दख्खनी कळप आटला, तर कितीही प्रशिक्षण शिबिरं घेतली तरी मागावर चढवायला सूत कुठून येणार?

म्हणून घोंगडीसाठीचा पहिला पैसा मेंढपाळाच्या हाती पडला पाहिजे. मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र याच जिल्ह्यात, सांगोला तालुक्यातल्या महूदला आहे. तिथून गावोगावी लोकरखरेदी सुरू करता येईल. मेंढी वर्षातून दोनदा कातरली जाते. पुढच्या कातरणीला मंद्रूपच्या बाजारात लोकरीचा काटा लागावा, जावळ वेगळं, काळी वेगळी, करडी वेगळी मोजली जावी, आणि मजुरी सुटून वर चार पैसे उरतील असा रोख भाव जागेवर मिळावा.