लेकाकडे जायचंय? आधी अंथरूण धरा!

परवा रात्री इंग्लंडहून मुलाचा फोन आला. "आई, आता तिथे एकटी नको राहूस. कायमची इकडेच ये." तो तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. नियम वाचल्याशिवाय फॉर्म भरू नये, हे वर्गात जन्मभर सांगत आले, म्हणून आधी नियम वाचला.

९ जुलै २०१२ पासून ब्रिटनचा नियम असा : म्हाताऱ्या आईवडिलांना मुलाजवळ कायमचं राहायचं असेल तर वय, आजार किंवा अपंगत्वामुळे आंघोळ, कपडे, स्वयंपाक अशी रोजची कामं स्वतःची स्वतः करता येता कामा नयेत. शिवाय तशी काळजी मायदेशात मिळत नाही किंवा परवडत नाही, हेही सिद्ध करायचं. अर्ज करायचा तो ब्रिटनबाहेरूनच.

आता गंमत बघा. मुलगा पैसे पाठवू शकतो? मग नाशकातच बाई ठेवा, नकार. पाठवू शकत नाही? मग तिथे आईला कसा सांभाळणार, पुन्हा नकार! असा पेपर मी काढला असता तर मुख्याध्यापकांनी परत पाठवला असता.

आमचे भाचेबुवा म्हणतात, "मावशी, देश त्यांचा, दवाखान्याचा खर्च त्यांचा." खर्चाचा मुद्दा खोटा नाही. मग विमा मागा की! कॅनडा सुपर व्हिसासाठी विमाच मागतो आणि आईवडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देतो. दवाखान्यात आमची मुलं चालतात, त्यांच्या आया मात्र चालत नाहीत, हा कुठला हिशोब?

"नकार आला तर अपील करावं," हेही भाचेबुवाच. करता येतं. मानवी हक्क करारातलं आठवं कलम कौटुंबिक जीवनाचा हक्क देतं. पण आई आणि सज्ञान मुलगा यांच्यात नेहमीच्या मायेपलीकडचं अवलंबित्व दाखवावं लागतं. नेहमीची माया पुरत नाही! २०१७ मध्ये ब्रिटसिट्स संघटनेच्या दाव्यात तिथल्या अपील न्यायालयाने नियम कायम ठेवला. पण काळजी पुरेशी आहे का हे ठरवताना भावनिक आणि मानसिक गरजाही बघाव्यात, असं म्हटलं. म्हणजे एकटेपणाचंही दुखणं असू शकतं, हे न्यायाधीशांना पटतं. भाचेबुवांना कधी पटणार?

माझं म्हणणं एवढंच. माणसाला आपल्या माणसांची गरज अंथरुणाला खिळण्याआधी असते. नातवाला पाढे शिकवायला मला चालते पाय हवेत. अंथरूण धरल्यावर परवानगी मिळाली, तरी मला विमानात कोण बसवणार?

मी अर्ज करणार नाही. रोज गोदाकाठी पायी जाऊन येते, म्हणजे नापासच. पण हा नियम काही दगडावरची रेघ नाही. तिथे रीतसर राहणाऱ्या भारतीयांना राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून संसदेसाठी मत देता येतं. ज्यांची मुलं तिथे आहेत, त्यांनी मुलांना आपल्या भागाच्या खासदाराला पत्र लिहायला सांगा. माझ्या मुलाला हा गृहपाठ दिलाय. रविवारी तपासणार आहे.