फेसाची बदनामी

एखाद्या लेखनाची वासलात लावायची असली की 'हा नुसता शब्दांचा फेस आहे' असा शेरा मारण्याची आपल्या समीक्षेत रीत आहे. फेस म्हणजे आकार मोठा आणि ऐवज शून्य, हे त्यामागील गृहीतक. वर्गांत, चर्चासत्रांत आणि प्रबंधांत ते निमूटपणे पुढे चालवणाऱ्यांना माझा सरळ प्रश्न आहे: साबण आणि ब्रश घेऊन दाढीचा फेस आपण कधी स्वतः केला आहे काय?

दाढीचा फेस आपोआप येत नाही. तो करावा लागतो. डुकराच्या केसांचा ब्रश असेल तर तो आधी काही मिनिटे कोमट पाण्यात भिजवावा लागतो. ते केस पाणी शोषून मऊ होतात. मग तो निथळून साबणावर २०-३० सेकंद फिरवायचा. या वेळी टोकांवर जमतो तो फेस नव्हे, घट्ट लेप. उतावळा माणूस तोच गालावर फासतो आणि थोड्याच वेळात त्याचा पापुद्रा वाळतो. खरे काम पुढेच आहे. वाटीत किंवा गालावर थेंब थेंब पाणी द्यायचे, घोटायचे, पुन्हा पाणी द्यायचे. आरंभीचे मोठे बुडबुडे घोटता घोटता बारीक होतात आणि एका क्षणी सगळ्यावर सायीच्या दह्यासारखी तुकतुकी येते. त्यानंतर पाणी जास्त पडले की बुडबुडे पुन्हा मोठे होतात, फेस ओघळतो. म्हणजे मोठा बुडबुडा ही फेसाची ओळख नसून त्याच्या बिघाडाची खूण आहे. शब्दांचे बुडबुडे अवश्य म्हणा. फेस म्हणू नका.

या फेसाचा ऐवज आहे पाणी. केसाला ते चिकटवून ठेवायचे, त्याला मऊ करायचे आणि पाते व कातडी यांच्यामध्ये निसरडा थर धरायचा, हे त्याचे काम. नुसत्या फुगण्याने यातले काहीच साधत नाही.

आपली भाषा याबाबत समीक्षकांहून शहाणी आहे. शालेय विज्ञानाने पाण्याचे 'सुफेन' आणि 'दुष्फेन' असे भेद केले ते फेसावरूनच. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाचा साका करतात. तिथे साबण जास्त घ्यावा लागतो. 'तोंडाला फेस येणे' या वाक्प्रचारानेही फेसाचे नाते श्रमाशीच जोडले आहे. आणि ऋग्वेदातला इंद्र नमुचीचे मस्तक उडवतो ते पाण्याच्या फेसाने. कोरड्या वा ओल्या वस्तूने मारणार नाही, असे वचन इंद्राने दिले होते आणि फेस कोरडाही नव्हे, ओलाही नव्हे, असा खुलासा पुढे ब्राह्मणग्रंथांनी केला. दाढीच्या फेसाची सिद्धी याहून नेमकी सांगता येणार नाही.

हे स्मरणरंजन आहे, असा आक्षेप येईल. नाही. १९४९ मध्ये अमेरिकेत 'राइज' या नावाने दाबाच्या डब्यातला फेस बाजारात आला. आज तो इथेही सर्रास मिळतो, आणि त्यानेही दाढी होतेच. परंतु तो फुगतो वायूच्या प्रसरणाने. त्यात पाणी किती, हे वापरणाऱ्याच्या हाती नसते, म्हणून कच्चे आणि पक्के यांतला भेद त्याच्या बोटांना कधी कळत नाही. फेसाला पोकळ म्हणणाऱ्या समीक्षकाने फेस पाहिला असेल तर बहुधा या डब्यातलाच.

रूपकही अनुभवाला उत्तरदायी असते. ज्याला लेप, बुडबुडा आणि फेस यांतला फरक सांगता येत नाही, त्याने गद्यातला दाटपणा ओळखल्याचा दावा करू नये. विद्यार्थ्यांना हा शेरा शिकवण्यापूर्वी एक सकाळ वाटीभर पाणी, साबण आणि ब्रश घेऊन बसावे. पहिल्या दिवशी फेस बिघडेल. तो का बिघडला हे नेमक्या शब्दांत सांगता आले, तर तीच समीक्षेची सुरुवात होय.