पांढरे भय

रक्तपिपासू पिशाच्चाचा चित्रपट म्हटला की काळा झगा, लांब सुळे, मध्यरात्र आणि एखादी किंकाळी एवढे साहित्य आपण गृहीतच धरतो. कार्ल थिओडोर ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाच्या ‘व्हॅम्पिर’मध्ये यातले फारसे काही नाही. यातले पिशाच्च म्हणजे काठी टेकीत चालणारी एक पांढऱ्या केसांची म्हातारी!

हॉलिवूडचा ‘ड्रॅक्युला’ १९३१ साली आला आणि बेला लुगोसीचा झगा जगभर गाजला. पुढच्याच वर्षी, मे १९३२ मध्ये, बर्लिनला ‘व्हॅम्पिर’ दाखवला गेला, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्यानंतर ड्रायरचा पुढचा कथापट यायला १९४३ साल उजाडावे लागले. आज जाणकार या चित्रपटाला मानतात; पण सामान्य प्रेक्षक मात्र ‘काही समजले नाही’ म्हणून तो अर्ध्यावर सोडतो. या सोडण्याबद्दल माझी तक्रार आहे.

आपल्याकडे सिनेमा पाहून आलेल्याला पहिला प्रश्न असतो, ‘ष्टोरी काय?’ परीक्षेतही कवितेचा ‘सारांश’ लिहायला सांगतात, म्हणजे सवय तिथूनच लागते. ‘व्हॅम्पिर’चा सारांश चार ओळींचा आहे. अ‍ॅलन ग्रे नावाचा तरुण नदीकाठच्या खानावळीत उतरतो. जवळच्या वाड्यातली लिओन ही मुलगी पिशाच्चबाधेने झिजते आहे, गावचा डॉक्टरच त्या म्हातारीला सामील आहे आणि शेवटी दोघांचाही नाश होतो. संपले. पण हे सांगून मी तुम्हांला त्यातले काहीच सांगितले नाही.

सांगायचे आहे ते उजेडाबद्दल. ड्रायर आणि छायालेखक रुडॉल्फ माटे यांनी भिंगासमोर तलम जाळीचे कापड धरून चित्रण केले. त्यामुळे दिवस आहे की रात्र, जाग आहे की झोप, हे कळेनासे करणारा एक राखी धूसरपणा चित्रपटभर पसरला आहे. एका पाय गमावलेल्या शिपायाची सावली त्याला सोडून हिंडते आणि परत येऊन त्याच्याशेजारी बसते. खड्डा खणणाऱ्याच्या सावलीत माती उलटी फावड्यावर येते. आमच्या गावात भर बाराच्या उन्हात पोरांना विहिरीकडे जाऊ देत नाहीत. भय उजेडातही असते, हे त्या मंडळींना कोणा दिग्दर्शकाने शिकवलेले नाही. ‘व्हॅम्पिर’ पाहताना मला भुतांच्या इतर कोणत्याही चित्रपटापेक्षा ती विहीर आठवली.

लिओनचे काम करणारी सिबिल श्मिट्झ ही त्या संचातल्या मोजक्या व्यावसायिक नटांपैकी एक. ती अंथरुणावर पडल्या पडल्या रडते आणि मग हळूहळू तिचे ओठ फाकतात, नजर बहिणीवर खिळते. रक्ताचा थेंब नाही, रंगभूषा नाही, केवळ चेहरा. आणि ती शवपेटी! ग्रे स्वतःलाच पेटीत निजलेला पाहतो, आणि मग कॅमेराच त्या पेटीत निजतो. वरच्या काचेतून म्हातारी डोकावते, मेणबत्ती दिसते, नंतर झाडांचे शेंडे, चर्चचा मनोरा, आकाश मागे सरकत जाते. आपली प्रेतयात्रा आपणच आतून पाहत असतो.

दोषही आहेत. ग्रेचे काम करणारा निकोलस द गुन्झबुर्ग मुळात चित्रपटाला पैसा पुरवणारा. त्याचा चेहरा लाकडी आहे. पुस्तकाची पाने पडद्यावर वाचायला लावतात तेही कंटाळवाणे होते. त्यांची वकिली मी करणार नाही.

पण डॉक्टरचा शेवट पाहा. पिठाच्या गिरणीत तो अडकतो आणि वरून पीठ पडू लागते. गुडघे, छाती, गळा, पांढरे, आणखी पांढरे. तिकडे ग्रे आणि लिओनची बहीण धुक्यातून नाव वल्हवीत असतात, तेही पांढरेच. एका पांढऱ्यात माणूस गुदमरतो, दुसऱ्यातून दोघे काठाला लागतात. मग गिरणीची चाके थांबतात.