खुर्चीत कोण बसलंय?

दिवाळीत गावी गेलो तेव्हा आज्जीच्या ट्रंकेतले फोटो स्कॅन करायला घेतले. तीसेक फोटो झाल्यावर लक्षात आलं, जोडीच्या प्रत्येक फोटोत आजोबा खुर्चीत आणि आज्जी मागे उभी. आईबाबांच्या फोटोतही तेच. मग माझ्या साखरपुड्याचा फोटो उघडला. मी सोफ्यावर, बायको सोफ्याच्या हातावर टेकलेली, अर्धी उभी. (प्रगती!)

तेव्हा विवान सुंदरम आठवले. या चित्रकाराने २००१-०२ मध्ये 'री-टेक ऑफ अमृता' ही मालिका केली. आजोबा उमरावसिंग शेर-गिल यांनी काढलेले घरातले फोटो कॉम्प्युटरवर एकमेकांत मिसळले, वेगवेगळ्या काळातली माणसं एका चौकटीत आणली. अमृता शेर-गिल त्यांची सख्खी मावशी. ती १९४१ मध्ये लाहोरला गेली, हे जन्मले १९४३ मध्ये. म्हणजे ती त्यांना भेटली ती फोटोतूनच. कोणी म्हणेल, ही जुन्या फोटोंची मोडतोड झाली. मला नाही पटत. उमरावसिंगांनी तरी काय, माणसं मांडूनच फोटो काढले होते की! नातवाने ती मांडणी दिसेल असं केलं, इतकंच.

हल्ली जुना फोटो टाकला की माणूस मान हलवून हसतो, अशी ॲप्स आहेत. मामेभावाने आजोबांना हसवलं. आज्जी म्हणाली, "हे असे कधी हसले होते रे?" अशा गोडव्याने मनाला बरं वाटत असेल, पण घरातलं काही बरं होत नाही. त्यासाठी काय दुखलं होतं ते आधी दिसायला हवं.

म्हणून मी उलटं करून पाहिलं. आजोबा मागे उभे, आज्जी खुर्चीत. पण आज्जीचा खुर्चीत बसलेला एकही फोटो सापडेना! शेवटी आईला खुर्चीत बसवून फोटो काढला आणि त्यावर आज्जीचा चेहरा लावला. आई आधी "मला कशाला?" म्हणून लाजत होती.

सावल्या साफ चुकल्यात. पण आज्जी लॅपटॉपपुढे बराच वेळ बसली. म्हणाली, "त्या दिवशी पाय सुजले होते माझे. तुझा बाप पोटात होता."

बाबा तिथेच पेपर वाचत होते. एवढ्या वर्षांत हे त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं.

प्रिंट काढायला टाकलीये. सावल्या तशाच ठेवल्यात.