पानांआडचा राखणदार

मानखुर्दच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. हिवाळ्यात तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि ते पाहण्यास लोक दुरून येतात. २०१५ साली या पक्ष्यांसाठी खाडीचा काही भाग अभयारण्य म्हणून घोषित झाला, हे योग्यच झाले. परंतु खाडीकडे जाणाऱ्या वाटेवर, आपल्याच डोक्यावरील झाडांत, चिमणीहून लहान असा एक पक्षी दिवसभर राबत असतो. त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. त्याचे नाव सुभग.

सुभगाचा नर पिवळाधमक असून त्याचे पंख व शेपूट काळी असते. पंखांवर दोन पांढरे पट्टे असतात. हिरवट-पिवळी मादी तर पानांतच मिसळून जाते. म्हणून हा पक्षी दिसण्याआधी त्याची लांब, गोड शीळ ऐकू येते. बोर्निओ व सुमात्रा या बेटांवरील घनदाट वर्षावनांत त्याचे भाऊबंद राहतात. आपल्या सुभगाने मात्र रानाबरोबर आमराया आणि रस्त्याकडेची झाडेही आपली मानली आहेत. फांदीला उलटे लोंबकळून तो पानांमागच्या अळ्या व किडे टिपतो. झाडाचा असा बिनपगारी राखणदार दुसरा कोठे मिळणार?

सुभगाची वीण बहुधा मे ते सप्टेंबर या काळात होते. बेचक्यात गवताचे तंतू बसवून, कोळ्याच्या जाळ्याने ते सांधून, तो वाटीएवढे सुबक घरटे करतो. नर आणि मादी दोघेही अंडी उबवतात. नेमक्या याच सुमारास शहरात फांद्यांवर कुऱ्हाड चालते. वाऱ्यापावसात फांदी कोसळून माणसे दगावतात; तेव्हा धोक्याच्या फांद्या तोडल्याच पाहिजेत, हे मला मान्य आहे. पण बिनधोक फांदी काही आठवडे थांबू शकत नाही काय? झाडे वाचवण्यासाठी महाराष्ट्रात १९७५ साली कायदा झाला. कायदा वृक्षाचे रक्षण करील. पानांआडचे घरटे पाहण्यास मात्र माणसाचे डोळेच हवेत.

मुलांनो, ते डोळे तुमचे असोत. घरट्याला हात लावू नका. दुरूनच पाहा आणि फांदी तुटण्यापूर्वी वडीलधाऱ्यांना सांगा. रोहित पक्ष्यांना आपण खाडी राखून दिली. सुभगाला एक फांदी राखून देणे आपल्याला जड जाऊ नये.